मदत हवी आहे: आइस हॉकीच्या गोलरक्षकासाठी छाती-हातांचे कवच कसे पारखावे? (वय १२, यू-१३ गट)

नमस्कार मंडळी,

आम्ही टोरांटोच्या पश्चिमेला मिसिसॉगा येथे राहतो. माझा मुलगा आइस हॉकीच्या यू-१३ (१३ वर्षांखालील) गटात, हाउस लीगमध्ये, म्हणजे क्लबच्या अंतर्गत सामन्यांत, गोलरक्षक म्हणून खेळतो. आतापर्यंत तो क्लबने हंगामापुरते वापरायला दिलेले ज्युनियर मापाचे चेस्ट प्रोटेक्टर घालत होता. ते आता परत करावयाचे आहे आणि पुढच्या हंगामापूर्वी त्याचे स्वतःचे विकत घ्यावयाचे आहे. ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: छाती, पोट, खांदे आणि मनगटापर्यंतचे दोन्ही हात झाकणारा हा एकसंध अंगरखा असतो, आणि त्यात निरनिराळ्या घनतेच्या फोमचे थर व मोक्याच्या जागी कडक प्लास्टिकचे तुकडे बसवलेले असतात. पायांचे पॅड, ब्लॉकर (काठी धरणाऱ्या हाताचा हातमोजा), कॅचिंग ग्लोव्ह (पक झेलण्याचा हातमोजा), मास्क आणि पँट त्याच्याकडे आहेत. त्यामुळे प्रश्न केवळ या कवचाचा आहे.

गेल्या हंगामात त्याला मुका मार बसला तो छातीवर कधीच नाही. वळ उठले ते कोपराच्या आतल्या बाजूला, दंडाच्या वरच्या भागात जिथे खांद्याची टोपी (कवचाचा खांद्यावरचा गोलाकार भाग) संपते त्या फटीत, आणि एकदा हासळीच्या हाडाजवळ. मुले मोठी होत आहेत आणि त्यांचे फटकेही. मी लहानपणापासून क्रिकेटमध्ये रमलेला माणूस असल्यामुळे वजनाची तुलना करून पाहिली: पक, म्हणजे या खेळातील रबराची चकती, १५६ ते १७० ग्रॅमचा असतो, म्हणजे लेदरच्या चेंडूइतकाच किंवा किंचित जड. तोच पक ताशी ७० किलोमीटरने आला तर त्यात साधारण ३२ जूल ऊर्जा असते आणि १०० किलोमीटरने आला तर ६५ जूल. वेग दीडपटही होत नाही तोवर मारा दुप्पट होतो. यू-७ मध्ये ज्या मुलांना ११३ ग्रॅमच्या हलक्या निळ्या पकने शिकवले जाते, त्यांच्यासमोर काही वर्षांतच हे गणित उभे राहते आणि ज्युनियर कवच तिथे अपुरे पडते, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

खर्चाची मर्यादा सुमारे ४०० कॅनेडियन डॉलर आहे. मापे चढत्या क्रमाने ज्युनियर, इंटरमिजिएट आणि सीनियर अशी असतात. सध्या माझ्यासमोर तीन मार्ग आहेत. पहिला, वरच्या श्रेणीचे नवे ज्युनियर कवच. दुसरा, मधल्या श्रेणीचे नवे इंटरमिजिएट. तिसरा, एका सद्गृहस्थांचे वापरलेले सीनियर कवच, जे नवे असताना हजार डॉलरच्या घरातले होते आणि आता माझ्या मर्यादेत मिळते आहे. एका दुकानातील विक्रेत्याने 'वाढत्या अंगाचे घ्या, दोन-तीन हंगाम निघतील' असे सुचवले. शाळेच्या गणवेशाला हा न्याय चालतो, पण ज्या वस्तूचे काम हाडाच्या नेमक्या जागी येऊन थांबणे हे आहे तिला तो कसा लावावा, हे मला उमगत नाही. मुलाची उंची १५२ सेंटिमीटर असून अंगाने तो सडसडीत आहे.

माझे प्रश्न असे आहेत. दुकानात कवच घालून पाहताना नेमके काय तपासावे, की ज्यावरून ते बर्फावर कसे वागेल याचा अंदाज येईल? संरक्षण आणि हालचाल यांचा मेळ या वयात कुठे बसवावा? हेल्मेट व मास्कवर असतो तसा सीएसए या कॅनडातील मानक संस्थेचा शिक्का या कवचावर मला कुठेच दिसला नाही. मग दोन कवचांच्या संरक्षणाची तुलना कशाच्या आधारे करावी? आणि शेवटचे, वापरलेल्या कवचाचा विचार करावा की तो सरळ सोडून द्यावा?

— बर्फाळकर

निळी रेषा:

मी कॅल्गरीत प्रौढांच्या लीगमध्ये गोलमध्ये उभा राहतो आणि आमच्या भागातील लहान गोलरक्षकांना साहित्य बसवून देण्यास मदतही करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कवच उभ्याने पारखू नका. आरशासमोर ताठ उभ्या मुलाच्या अंगावर जवळजवळ प्रत्येक कवच बरे दिसते. मुलाला पँट, गळ्याचा पट्टा, मास्क आणि दोन्ही हातमोज्यांसह दुकानात न्या आणि सगळे चढवून त्याला बटरफ्लायमध्ये, म्हणजे दोन्ही गुडघे खाली टेकवून नडग्या बाहेर फाकवलेल्या स्थितीत, बसवा. त्या स्थितीत पँटची वरची कड कवचाला खालून ढकलते आणि लांब किंवा फार रुंद कवच वर सरकून थेट मास्कच्या हनुवटीला भिडते. मग मुलाला खाली पायांशी पडलेला पक दिसत नाही, आणि तो नकळत मान मागे टाकून खेळू लागतो. वाढत्या अंगाच्या कवचाचा खरा तोटा हा आहे. जड होणे त्यामानाने दुय्यम. गळ्याचा पट्टा विसरू नका. बीएनक्यू (क्युबेकची मानक संस्था) शिक्क्याचा पट्टा कॅनडात लहान गटांना सक्तीचाच आहे आणि तो कवचाच्या गळ्याशी जागा अडवतो, त्यामुळे त्याच्याशिवाय घेतलेले माप फसवे ठरते.

त्याच स्थितीत खांद्यांकडे पाहा. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक हॉकी लीगच्या नियमांत एक वाक्य आहे जे मला दुकानातील सर्वोत्तम कसोटी वाटते: गोलरक्षक नेहमीच्या वाकलेल्या पवित्र्यात आला असता खांद्याची टोपी खांद्याच्या रेषेच्या वर ढकलली जात असेल, तर ते कवच नियमबाह्य धरले जाते. तुमच्या मुलाला तो नियम लागू नाही, परंतु त्याची टोपी तशी वर उचलली जात असेल तर कवच मोठे आहे असे खुशाल समजा. टोपी वर गेली की तिच्याखाली दंडावर तुम्ही सांगितलेली तीच फट उघडी पडते. म्हणजे दंडावरचे वळ कवच पातळ असल्यामुळेच उठतात असे नाही; ते चुकीच्या जागी बसल्यामुळेही उठतात.

आता हात. दोन्ही हातमोजे घालून मुलाला हात पुढे ताणायला सांगा, मग एक हात विरुद्ध गुडघ्यापर्यंत न्यायला सांगा. कवचाची बाही मोज्याच्या मनगटपट्टीखाली थोडी शिरलेली राहिली पाहिजे. मनगटाची कातडी दिसली तर बाही आखूड आहे, आणि पंजा मोज्यात पुरता उतरतच नसेल तर ती लांब आहे. बहुतेक चांगल्या कवचांत खांद्यापाशी किंवा कोपराच्या वर नाडी असते आणि तिने बाही आखूड-लांब करता येते. वाढत्या वयासाठी पैसे मोजायचेच असतील तर ते या नाडीसाठी मोजा. कोपराची वाटी हात वाकवल्यावरही कोपराच्या टोकावरच राहते का, हे बोटाने चाचपून पाहा. ती पुढच्या हातावर घसरत असेल तर कोपराच्या आतल्या बाजूचे छोटे पॅडही जागा सोडते. तुमच्या मुलाला तिथेच लागते आहे, म्हणून जुने कवच परत करण्यापूर्वी हे एकदा पाहून घ्या. कदाचित दोष मापाचा असेल, श्रेणीचा नसेल.

शिक्क्याबद्दल तुमचे निरीक्षण बरोबर आहे. इथे हेल्मेट आणि मास्क यांना सीएसएचा शिक्का लागतो, छातीच्या कवचाला तसा लागत नाही. त्यामुळे उत्पादकांच्या श्रेणी व मापे म्हणजे त्यांनीच लावलेल्या चिठ्ठ्या असतात आणि एका कंपनीचे इंटरमिजिएट दुसरीच्या मोठ्या ज्युनियरएवढे निघू शकते. हातांनी पारखा. छातीच्या मधल्या हाडावर आणि हृदयाच्या बाजूला अंगठा जोरात दाबा. अंगठ्याचा दाब आत जाणवला तर तिथे केवळ मऊ फोम आहे. बाहेर घट्ट आणि आत मऊ असे दोन थर असावेत: बाहेरचा थर आघात पसरवतो, आतला तो जिरवतो. बाहेर सगळीकडे कडक असलेल्या कवचावरून पक उसळून समोरच्याच्या काठीवर जातो, म्हणून छाती किंचित 'मेलेली', म्हणजे पक न उसळवणारी, असलेली बरी, पक पोटाशी गळून पडतो आणि झाकता येतो.

हालचालीच्या बाबतीत माझे मत थोडे एकांगी आहे आणि ते तसेच मांडतो. या वयात मी संरक्षणाला झुकते माप देईन. ज्या मुलाला मार लागण्याची धास्ती आहे ते पक येताच खांदा वळवते, आणि वळलेल्या अंगाची मागची बाजू, म्हणजे दंडाचा मागचा भाग व बरगड्यांची कड, कोणत्याही कवचात उघडीच असते. निर्धास्त मूल पकला सामोरे राहते आणि त्यामुळेच त्याला कमी लागते. कडकपणा सरावाने काही आठवड्यांत बराच सैल होतो. पातळपणाला मात्र उपाय नाही. आतून घालायचा पॅड शिवलेला घट्ट शर्ट मिळतो, तो हासळी व दंडासाठी जोड म्हणून चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर कमी प्रतीचे कवच घेऊ नये.

हिमांशी:

मी मिनेसोटात डॉक्टर आहे, केवळ हृदयाच्या मुद्द्यापुरते लिहिते. छातीवर हृदयाच्या जागी, ठोक्याच्या चक्रातील अगदी नेमक्या क्षणी आघात झाल्यास हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते; याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हे अतिशय दुर्मिळ आहे, परंतु मुलांच्या छातीचा पिंजरा लवचिक असल्यामुळे ते प्रामुख्याने मुलांत व तरुणांत आढळते. अमेरिकेत बेसबॉल व लॅक्रोसच्या छाती-कवचांसाठी नॉक्सी या संस्थेचे याविषयीचे मानक आहे. कोणतेही कवच पूर्ण हमी देत नाही, म्हणून आपल्या रिंकवर एईडी यंत्र (विजेच्या धक्क्याने हृदयाची लय पूर्ववत करणारे) कुठे टांगलेले आहे आणि संघासोबतच्या मोठ्यांपैकी कोणाला सीपीआर (छाती दाबून देण्याचा प्रथमोपचार) येते, हे प्रत्येक पालकाने विचारून ठेवावे. तुमच्या निवडीपुरते सांगायचे तर मुलाने हात वर केले असताना कवचाची डावी बाजू हृदयावरून सरकत नाही ना, हे अवश्य पाहा. पाठीवरचे आणि बरगड्यांचे इलॅस्टिक पट्टे यासाठीच असतात, आणि मुले ते सैल सोडतात.

बर्फाळकर:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे सगळे साहित्य घेऊन आम्ही जाऊन आलो. जुन्या ज्युनियर कवचाची कोपराची वाटी खरोखरच हात वाकवताच पुढे घसरते. बाही आखूड झाली आहे. वापरलेले सीनियर कवच घालून तो खाली बसला तेव्हा खांदे कानांना लागले आणि मास्क वर उचलला गेला, पण छाती इतकी भक्कम आहे की ते सोडवत नाही. इंटरमिजिएटमध्ये टोपी जागच्या जागी राहिली, बाही नाडीच्या सर्वांत आखूड टप्प्यावर बरोबर बसली. फक्त पोटाकडचा भाग पँटमध्ये खोचला की कवच थोडे वर येते. तो खोचावा की बाहेर ठेवावा? आणि सीनियर कवचाबद्दल कोणी शेवटचे मत देईल का?

जुनापुराणा:

वापरलेल्या साहित्याचा मी पुरस्कर्ता आहे, माझ्या दोन्ही मुली त्यावरच वाढल्या, तरीही हे कवच घेऊ नका. ते कोणत्या सालचे आहे ते विचारा. एनएचएलने २०१८-१९ च्या हंगामापासून कवचांचा आकार अंगाबरोबर बसेल असा आवळला, आणि त्यापूर्वीची वरच्या श्रेणीची सीनियर कवचे खांद्यांत व हातांत बरीच फुगीर असत. आकार आवळल्यावर काही गोलरक्षकांनी हातांना मार लागत असल्याची जाहीर तक्रार केली होती हे खरे, तेव्हा त्या फुगीरपणात संरक्षणही होते. परंतु ते पूर्ण वाढलेल्या माणसाच्या मापाचे संरक्षण आहे. १५२ सेंटिमीटरच्या मुलाच्या हासळीवरचे पॅड त्याच्या गळ्यावर येईल.

पुढे कधी वापरलेले घेतलेच तर छातीचा फोम अंगठ्याने दाबून सोडा. खड्डा तसाच राहिला तर फोम मेला आहे. प्लास्टिकच्या तुकड्यांच्या कडा वाकवून भेगा पाहा, वेल्क्रो आणि इलॅस्टिक ओढून पाहा. वेल्क्रो कोणीही शिंपी बदलून देईल, मेलेला फोम मात्र कोणी जिवंत करीत नाही. वासावरून बुरशी कळते. नवे घेतल्यावरही खेळानंतर बॅगेतून काढून मोठ्या हँगरवर टांगून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा, हीटरजवळ किंवा ड्रायरमध्ये नको, उष्णतेने फोम आणि त्याचा चिकटवा दोन्ही खराब होतात.

निळी रेषा:

पोटाकडचा भाग आधी बाहेर ठेवून पाहा, कवच वर सरकण्याची तक्रार बहुधा तिथेच मिटेल. मात्र तो बाहेर असताना पुढे वाकल्यावर कवचाची कड आणि पँट यांच्यामध्ये पोट उघडे पडत नाही ना, हे बाजूने पाहा. खोचायचेच असेल तर पँटचा पट्टा सैल सोडून ती सस्पेंडरवर (खांद्यांवरून घ्यायच्या पट्ट्यांवर) टांगा. घट्ट पँटमध्ये खोचलेले कवच वर येणारच. आणि संघाची जर्सी गोलरक्षकाच्या कापाची मागून घ्या. इतर खेळाडूंची अरुंद जर्सी नव्या कवचावर चढवली तर खांदे जखडतात, आणि मूल दोष कवचाला देते.

इंटरमिजिएट घ्या. बाही सर्वांत आखूड टप्प्यावर बसते आहे, म्हणजे नाडी सोडायला वाव शिल्लक आहे.