वायफाय आणि प्रिंटरला कंपनीचा बंद ड्रायव्हर ठेवू, की कार्डच बदलू? (लिनक्स मिंट, बेळगाव)

शहापूरचा_डीटीपीवाला
नमस्कार मंडळी. शहापुरात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, म्हणून भाच्यानं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घालून दिलं. काम झकास चाललं होतं. परवा अपडेट आलं, मी न वाचता ओके दाबलं, मशीन बंद करून चालू केलं आणि वायफाय गायब. कनेक्ट होत नाही असं नव्हे, यादीत त्याचं नावच नाही. गणपती तोंडावर, दोन मंडळांच्या पावतीपुस्तकांचं मॅटर मेलवर पडलंय आणि भाचा पुण्यात.

वायफायचं कार्ड ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. दोन्हीला कंपनीचं बंद सॉफ्टवेअर घातलंय, म्हणजे यंत्र चालवणारा ड्रायव्हर आहे पण त्याचा मूळ कोड कंपनी दाखवत नाही, असं भाचा फोनवर म्हणाला. हे ठेवावं की कार्ड बदलावं? विंडोजवर परत जा असं कृपया सांगू नका, ते घरी रोज ऐकतोय.

खानापुरी
अण्णा, आधी मॅटर उतरवून घ्या, चर्चा मागनं करू. मोबाईल केबलनं जोडा आणि त्याच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर घालावा लागत नाही.

मग मशीन चालू होताना ग्रबचा (काय चालू करायचं ते निवडायचा) मेनू आणा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल (लिनक्सचा मुख्य प्रोग्राम) निवडा. वायफाय दिसलं तर कार्ड शाबूत आहे. टर्मिनलमध्ये 'डीकेएमएस स्टेटस' (बाहेरून घातलेला ड्रायव्हर कुठल्या कर्नलसाठी बांधलाय ते दाखवतं) टाकून काय येतंय ते इथं लिहा.

निपाणीकर_सर
तुमचं झेरॉक्सचं दुकान आहे म्हणून मुद्दाम सांगतो. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रामात तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी कागद अडकला की छपाईसाठी थांबलेल्यांना संदेश जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स (मूळ कोड) मिळेना, त्यामुळे ती सोय करता येईना. पुढे १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली, तिच्या मुळाशी हा राग होता. तेव्हा बंद ड्रायव्हरची सवय लावून घेऊ नका. एथेरॉस एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल घ्या. त्याचा ड्रायव्हर खुला आणि फर्मवेअरही (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) खुलं.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
सरांचं तत्त्व मान्य. पण एआर९२७१ फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतो, आणि बाजारपेठेतल्या गल्लीत त्या बँडवर शेजारच्या दहा दुकानांचे राउटर बसलेले असतात. आणखी एक, सगळे बंद ड्रायव्हर सारखे नसतात.

लिनक्सचा कर्नल आतली जोडणी कायम तीच ठेवत नाही, मुद्दामच. बदल करणारा कर्नलच्या झाडातल्या (त्याच्याच कोडमध्ये ठेवलेल्या) सगळ्या ड्रायव्हरांची दुरुस्ती त्याच वेळी करतो. घरातल्या माणसांचं सामान घर बदलताना सोबत जातं, तसं. बाहेर ठेवलेलं ज्याचं त्यानं उचलायचं.

आता तुमच्या ब्रॉडकॉमच्या 'डब्ल्यूएल' ड्रायव्हरचे दोन भाग आहेत. गाभा बंद, आयता बांधलेला. त्याभोवती पातळ सोर्सचं कवच, ते उघडं. कर्नल बदलला की डीकेएमएस ते कवच नव्यानं बांधून गाभ्याला जोडतं. नव्या कर्नलला कवच बसत नसेल तर वितरणवाले (मिंटसारखं लिनक्स तयार करून देणारे) त्यालाच पॅच, म्हणजे ठिगळ, लावतात. म्हणजे दुरुस्तीला हात घालायला जागा आहे.

आमच्या फाउंड्रीत उलटं झालं. भट्टीचं तापमान नोंदवणारं एक कार्ड होतं. ड्रायव्हरची एकच आयती फाइल, एका ठरावीक कर्नलसाठी बांधलेली, कवचबिवच काही नाही. बनवणारे धंद्यातून उठले. तो पीसी आजही त्याच जुन्या कर्नलवर आहे, नेटवर्कची केबल काढलेली. पाळी संपली की आकडे पेन ड्राइव्हवर घेऊन मी दुसऱ्या मशीनवर नेतो. दसऱ्याला यंत्रपूजेत त्याच्यावरही हळदकुंकू वाहतो, कारण तो बंद पडला तर आमच्या हातात दुसरं काही नाही.

म्हणून खुला की खासगी एवढंच विचारून भागत नाही. बंद भाग कुठला, आणि कर्नल बदलल्यावर दुरुस्ती कोण करणार, हे विचारा.

शहापूरचा_डीटीपीवाला
मॅटर उतरलं, खानापूरवाल्यांचे उपकार. जुन्या कर्नलवर वायफाय आलं. डीकेएमएस स्टेटसमध्ये एकच ओळ येते, 'ब्रॉडकॉम-एसटीए', पुढे जुन्या कर्नलचा नंबर आणि 'इन्स्टॉल्ड'. नव्या कर्नलचं नाव कुठंच नाही.

खानापुरी
मग सापडलं की! नव्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) नाहीत, डीकेएमएस बांधणार कशावर? भाच्यानं त्या वेळच्या ठरावीक नंबरचं पॅकेज घातलं असणार. 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' घाला, एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल असेल तर त्याच्या नावाचं. म्हणजे दर अपडेटला हेडर्स आपोआप येतील. मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हर) तेव्हाच बांधलं जायला पाहिजे, नाहीच झालं तर 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल'.

सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. मशीन परत चालू होताना निळा पडदा आला तर 'एनरोल एमओके' (सहीची किल्ली नोंदवणं) निवडा. 'कंटिन्यू' दाबून पुढं गेलात तर परत पहिल्यापासून.

शहापूरचा_डीटीपीवाला
झालं!! भाच्याला विचारलं, तेव्हा नेट नव्हतं म्हणून त्यानं पेन ड्राइव्हवरून तेवढंच पॅकेज घातलं होतं. उगाच अपडेटला शिव्या दिल्या. आता प्रिंटर. तो चालतोय, पण अपडेटनंतर कधीतरी प्लगइन (वरून घालायचा जोडभाग) मागतो. तेही असंच का?

उद्यमबाग_दुसरी_पाळी
थोडं वेगळं. १०२० स्वतःचं फर्मवेअर साठवून ठेवत नाही. बटण दाबलं की दर वेळी संगणकानं ते त्याच्यात ओतायचं, मग तो छापतो. एचपीचं एचपीएलआयपी हे लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर खुलं आहे, पण या मॉडेलला लागणारं प्लगइन बंद. दोन्हींचा व्हर्जन नंबर जुळावा लागतो, एचपीएलआयपी पुढं गेलं की प्लगइन परत घालायचं. 'एचपी-प्लगइन' चालवा, पाच मिनिटांचं काम. कंटाळा आला तर 'फू२झेडजेएस' हा खुला ड्रायव्हर आहे, फर्मवेअरची फाइल मात्र त्यालाही लागते.

सर, ते फर्मवेअर प्रिंटरच्या चिपवर चालतं, तुमच्या कर्नलमध्ये नाही. डेबियन या लिनक्स वितरणाच्या, खुल्या सॉफ्टवेअरबाबत सोवळ्या मंडळींनीही २०२२ मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते तिथं आहे.

निपाणीकर_सर
माहीत आहे. वेगळ्या कप्प्यात ठेवलंय आणि नको असेल तर बंद करता येतं, म्हणून मी गप्प बसलो. कार्डाबद्दल माझं मत तेच आहे. आज पॅच लावणारे आहेत, उद्या कंटाळले तर?

उद्यमबाग_दुसरी_पाळी
हे खरं. म्हणून गणपती होईपर्यंत आहे ते ठेवा, मग कार्ड बदला. इंटेल ७२६० चं हाफ मिनी पीसीआय-ई कार्ड मिळतं, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, फर्मवेअर बंद. घेण्याआधी लॅपटॉप उघडून खाच तीच आहे का बघा. काही लॅपटॉपांचा बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) परकं कार्ड स्वीकारत नाही, तेव्हा परत घेणार का हे दुकानदाराला आधी विचारा.

शहापूरचा_डीटीपीवाला
उघडून बघितलं, खाच हाफ मिनीचीच आहे. पावतीपुस्तकं छापून गेली. सर, कागद अडकल्याचा संदेश आमच्याकडे अजून बायको आतून ओरडूनच देते.