मदत हवी आहे: टिळकवाडी नेमकी कुठपर्यंत?

नमस्कार मंडळी, बेळगावच्या टिळकवाडी, हिंदवाडीतल्या जुन्या लोकांची मदत हवी आहे. आमच्या भागाचा एक साधा नकाशा करतोय, पण टिळकवाडी कुठं संपते नि हिंदवाडी कुठं सुरू होते यावर कुणाचंच एकमत नाही, एकजण आरपीडी क्रॉस (राणी पार्वतीदेवी कॉलेजचा चौक) म्हणतो, दुसरा वेगळंच काहीतरी, आणि पत्ता विचारला की सगळे पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असंच सांगतात बघा, रेल्वेच्या फाटकांवरच सगळा हिशोब.

दुसरं म्हणजे १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते ते, इथंच भरलं. अधिवेशनासाठी उभारलेल्या नगरीला विजयनगर नाव दिलेलं, पाण्यासाठी विहीर खणली ती वीरसौध या अधिवेशनाच्या स्मारकात अजून आहे आणि रस्त्याला काँग्रेस रोड नाव राहिलं. पण विजयनगर म्हटलं की आता लोक हिंडलग्याकडचं समजतात. मूळ नगरी विहिरीपासून कुठपर्यंत पसरली होती?

कुणाच्या घरी जुना सिटी सर्वेचा उतारा, खरेदीखत असेल तर त्यातल्या चतुःसीमा तेवढ्या सांगा की, मालकाचं नाव झाकून फोटो टाकला तरी चालेल. आजी-आजोबांना विचारलंत तर फारच बरं, ही नावं नकाशावर नीट यायला पाहिजेत.