जँगो वापरतोय, पण डेटाबेस नाही: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोथरूडमधून एकट्यानेच काम करतो. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यासाठी मालाच्या साठ्याची वेबसाइट जँगोमध्ये (पायथन भाषेतली वेबसाइट बांधायची तयार चौकट) करतोय. गोम अशी, की सगळा डेटा त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरवाल्याकडे. मला मिळतो फक्त रेस्ट एपीआय, म्हणजे इंटरनेटवरून तो डेटा मागायची सोय.

सेटिंग्जमधला डेटाबेस काढून टाकला. जँगो सेशन (साइटवर कोण आलंय याची नोंद) एरवी डेटाबेसमध्ये ठेवतो, म्हणून ती साइन केलेल्या कुकीत, म्हणजे ब्राउझरमध्येच, हलवली. व्ह्यूमधून (पान तयार करणाऱ्या कोडमधून) रिक्वेस्ट्स लायब्ररीने जेसन (मजकूररूपातला डेटा) आणतो, टेम्प्लेटला (पानाच्या साच्याला) देतो. इथवर ठीक. (टाइमआउट, म्हणजे उत्तरासाठी किती वेळ थांबायचं ते, आपणच द्यावा लागतो, नाहीतर ही बया वाट बघत बसते. शनिवारी संध्याकाळी, गिऱ्हाइकासमोर कळलं.)

घोडं अडलंय लॉगिनपाशी. पासवर्ड एपीआयच तपासतो, पण जँगोचं लॉगिन शेवटच्या लॉगिनची वेळ युजरच्या टेबलात लिहायला जातं, आणि इथे टेबलच नाही! अ‍ॅडमिन पानांवर (जँगोची तयार व्यवस्थापनाची पानं) तर केव्हाच पाणी सोडलंय.

एका मित्राने मॉडेलमध्ये (टेबलाचं वर्णन करणारा क्लास) 'मॅनेज्ड' फॉल्स करायला सांगितलं. पण त्याने जँगो टेबल बनवत नाही एवढंच. क्वेरी शेवटी डेटाबेसकडेच जाते ना? मग एपीआयसाठी साधे पायथन क्लास लिहून वर कॅश (आणलेला डेटा थोडा वेळ साठवून ठेवणं) बसवू, की फक्त युजरपुरती छोटी एसक्यूलाइट फाइल (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) ठेवू? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. का जँगो सोडून सरळ फ्लास्कच (पायथनमधलीच छोटी चौकट) घ्यावं?

कुणी असं निभावलं असेल तर सांगा. पुण्यात असाल तर चहा माझ्याकडून.