कलावंत जास्त आवडतात का? प्रकल्पाची आखणी तपासून हवी

गोदाकाठ: एम.ए. मानसशास्त्राचा प्रकल्प नाशिकमध्येच करतेय. कालिदास कलामंदिराबाहेर ४० तरुणी गाठायच्या, प्रत्येकीला एका कवीचा आणि एका इंजिनिअरचा फोटो दाखवायचा, आकर्षणाला १ ते ७ गुण मागायचे. पाळीचा कितवा दिवस तेही विचारू का?

मनोमापक: यात कविता नाही, चेहरा मोजला जाईल. फोटो एकच ठेवा, मजकूर दोन करा आणि एकीला एकच दाखवा. दोन्ही पाहिले की तुम्हाला काय हवंय ते तिला कळतं. इंजिनिअर म्हटलं की पगार आला. म्हणून दोघांची नोकरी एकच, समजा सातपूरला सुपरवायझर. एक कविता लिहितो, दुसरा क्रिकेट खेळतो, आणि दोघांनाही जिल्हा पातळीवरचं बक्षीस. बक्षीस एकालाच दिलंत तर कला बाजूला राहून नावलौकिक मोजाल. आडनाव अजिबात नको, लोक त्यावरून जात काढतात. ‘भेटायला आवडेल का’ आणि ‘लग्नाचा विचार कराल का’ हे वेगळे प्रश्न ठेवा; उत्तरं बरीच वेगळी येऊ शकतात.

४० फार कमी. मध्यम परिणाम (डी = ०.५, म्हणजे दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण विचलनाचा फरक) ५ टक्के सार्थकता पातळीवर ८० टक्के शक्यतेने सापडायला दर गटात ६४ लागतात. अर्धवट फॉर्म धरून १४० भरून घ्या. दोन्ही मजकुरांचे फॉर्म आधीच पत्त्यांसारखे पिसून ठेवा, समोरची पाहून निवडू नका. आणि कलामंदिराबाहेर कलाप्रेमीच भेटणार. कॉलेज रोड, सिडको, नाशिक रोड असं फिरा.

रानवाट: पाळीचं सोडून द्या. २००६ च्या एका छोट्या अभ्यासात सुपीक (गर्भधारणेची शक्यता जास्त असलेल्या) दिवसांत सर्जनशील पुरुष जास्त आवडल्याचं दिसलं, पण पाळीनुसार आवड बदलते ही कल्पनाच पुढच्या मोठ्या अभ्यासांत डळमळली. शिवाय आठवणीवरून मोजलेले दिवस चुकतात.

कला जोडीदाराला आकर्षित करण्यासाठी विकसित झाली, या कल्पनेसाठी सिद्धान्ताच्या प्रकरणात डार्विन (१८७१) आणि मानसशास्त्रज्ञ जेफ्री मिलर (२०००) येतीलच, पण विरोधी पुरावाही हवा. नेटल आणि क्लेग यांच्या २००६ च्या ४२५ ब्रिटिश लोकांच्या पाहणीत कलावंतांचे जोडीदार जास्त निघाले. तो नुसता सहसंबंध आहे, कलावंतांच्या वर्तुळात ओळखी होण्याच्या संधीही जास्त असतात. २०१५ मध्ये स्वीडनमधल्या १०,००० हून अधिक जुळ्यांवरच्या अभ्यासात संगीताबाबत या कल्पनेला फारसा आधार मिळाला नाही.

मोराचं उदाहरण सगळेच देतात, तुम्ही सुगरण घ्या. खोपा नर विणतो, अर्धवट असतानाच मादी तो पारखते. तरी एका अभ्यासात तिच्या निवडीत विणकामापेक्षा खोप्याची जागा महत्त्वाची ठरली. नुसतं कसब पाहिलं जातं असं गृहीत धरू नका, म्हणूनच दोघांची नोकरी समान ठेवण्याची मनोमापक यांची सूचना पाळाच.

गोदाकाठ: मजकूर बदलते. शेवटी ‘हा फावल्या वेळात काय करतो?’ असं विचारू का?

मनोमापक: विचाराच, पण गुण देऊन झाल्यावर, फोटो उलटा ठेवून. ज्यांना सांगता येणार नाही त्यांनी मजकूर वाचलेलाच नाही. ते फॉर्म वगळण्याचा नियम मात्र आकडे पाहण्याआधी लिहून मार्गदर्शकांकडे द्या.