गोळी चालू, सिगरेटही चालू, आणि ऑक्टोबरात ३५ पूर्ण

निनावी_पणजी:
नाव देत नाही, गोवा एवढुसा आहे, दोन वाक्यांत कोणाची मुलगी ते कळतं. पीसीओडीसाठी (अंडाशयाचा त्रास, पाळी अनियमित) तीन वर्षं गोळी घेतेय, ती २१ दिवसांची इस्ट्रोजनवाली गर्भनिरोधक. पाळी वेळेवर यायला लागली, पिंपल्स गेले, तक्रार काहीच नाही. हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, नाइट शिफ्टला सिगरेट लागतेच, दिवसाला ६-७, डिसेंबरात मोजत नाही. काल गोळीच्या पाकिटातला तो घडीचा कागद पहिल्यांदाच उघडून वाचला, ३५ च्या वर असाल आणि सिगरेट ओढत असाल तर घेऊ नका, हार्ट अटॅकचा धोका. मला ऑक्टोबरात ३५ पूर्ण होतायत. मग वाढदिवसाच्या रात्री १२ वाजता नेमकं काय बदलणार? डॉक्टरना सिगरेटचं बोलले नाहीये, आई बाजूलाच बसलेली.

म्हापशाचा_फार्मसीवाला:
१२ वाजता काही होत नाही गो, रेषा कुठेतरी ओढावी लागते म्हणून ३५. डब्ल्यूएचओच्या निकषात ३५ च्या पुढे दिवसाला १५ किंवा जास्त सिगरेट असतील तर ही गोळी अजिबात नको, १५ पेक्षा कमी असतील तरी शक्यतो टाळा. ३५ च्या आत चालते, पण धोका शून्य असतो असं नाही. इस्ट्रोजनमुळे रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, सिगरेटने रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब होतं आणि प्लेटलेट्स चिकट होतात, दोन्ही एकाच नळीत एकमेकांना हात देतात. तरुण बायकांत हार्ट अटॅक मुळात दुर्मीळ, त्यामुळे आज रात्री घाबरून झोप घालवू नको. आमच्या काउंटरवर मुली पाकीट मागतात, आम्ही देतो, सिगरेट ओढतेस का हे कोण विचारणार? विचारायला पाहिजे खरं तर.

सांगेकर_७१:
मुळात बाईमाणसाने सिगरेट ओढायचीच कशाला? आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

फोंड्याची_माय:
भाऊ, तिने गोळीचं विचारलंय. आणि तुमच्या वेळी आमच्या आजीच विडी ओढायच्या, पाणंदीत बसून. बाय, तू ती आठवड्याची गोळी घे ना, छाया, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तिच्यात हॉर्मोनच नसतं.

म्हापशाचा_फार्मसीवाला:
छाया चांगली गोळी, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने काढलेली, पण पीसीओडी असेल तर ती देत नाहीत, म्हणून हिला नको. नुसत्या प्रोजेस्टेरॉनची गोळी किंवा कॉपर टी, यांना सिगरेटची आडकाठी नाही. पण तुझी गोळी पाळी आणि पिंपल्ससाठी आहे, कॉपर टीने त्यातलं काही होणार नाही, तेव्हा डॉक्टरच ठरवतील. आणि विचारल्याशिवाय मधेच बंद करू नकोस, केलीसच आणि गर्भनिरोधक म्हणूनही तीच असेल तर निदान कंडोम तरी वापरा.

पीएचसी_सिस्टर:
मी दोनच गोष्टी विचारते. बीपी कधी मोजलंय? आणि डोकेदुखीच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमक येते का? तसली मायग्रेन असेल तर वय कितीही असो, ही गोळी नाही चालत, स्ट्रोकचं भय असतं. बायकांना अटॅक येतो तेव्हा छातीत कळ येतेच, पण कधी कधी जबडा, पाठ, दम लागणं, मळमळ असंच काहीतरी होतं, आणि घरात सगळे म्हणतात अ‍ॅसिडिटी, सोलकढी घे. तसं झालं तर सरळ १०८. एकच पोटरी सुजली, दुखली तरी थांबायचं नाही, ती गुठळी असू शकते. आणि सिगरेट सोडलीस तर वर्षभरात हृदयाचा धोका निम्म्याच्या आसपास उतरतो, म्हणजे गोळी बदलण्यापेक्षा सिगरेट सोडणं जास्त फायद्याचं. सोडणं सोपं नाही हे मला घरातूनच माहीत आहे.

निनावी_पणजी:
मायग्रेन नाही. बीपी आज हॉटेलच्या फर्स्ट एडवाल्याकडून मोजून घेतलं, १४२/९२ 😬 आणि सिगरेटऐवजी व्हेप (ई-सिगरेट) केलं तर?

पीएचसी_सिस्टर:
निकोटीन तेच, आणि देशात विक्रीला बंदी आहे २०१९ पासून. बीपी एकदा मोजून काही ठरत नाही, नाइट शिफ्ट आणि सिगरेटनंतर तर नाहीच, शांत बसून दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोज. पण खरंच १४० च्या वर राहत असेल तर ऑक्टोबरची वाट बघायची नाही, या आठवड्यातच दाखव.

निनावी_पणजी:
गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली. एकटीच जातेय, आईला सांगितलंय दातांच्या डॉक्टरकडे. देव बरें करूं सगळ्यांचं, सांगेकरांचंसुद्धा.