हडसन-अथेन्स दीपगृहाचा पाया का खचतो आहे?

प्रश्न: न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीच्या पात्रात 1874 साली बांधलेले लाल विटांचे दीपगृह मी नुकतेच होडीतून पाहिले. दीडशे वर्षे टिकलेली ही वास्तू 2024 मध्ये अमेरिकेतील सर्वाधिक धोक्यात असलेल्या 11 ऐतिहासिक स्थळांच्या यादीत का आली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1: मूळ दुखणे पायात आहे. ही इमारत गाळात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहे. लाकूड गाळात पूर्ण बुडालेले असेपर्यंत प्राणवायूअभावी कुजत नाही, मात्र मोठ्या जहाजांमुळे उसळणाऱ्या प्रवाहाने भोवतीचा गाळ वाहून गेला आणि खांब उघडे पडले. हिवाळ्यातील बर्फाचे तडाखे वेगळेच. वाहत येणारा बर्फ फुटावा म्हणून ग्रॅनाइटच्या चौथऱ्याची एक बाजू नावेच्या पुढच्या टोकासारखी निमुळती घडवली आहे. पुन्हा गेलात तर ती जवळून अवश्य पाहा.

उत्तर 2: धुक्यात जहाजांना इशारा देणारी आतील घंटाही पाहण्यासारखी आहे. 2000 पासून मालकी स्थानिक जतन संस्थेकडे आहे. माझ्या मते रंगरंगोटी थांबली तरी चालेल, आधी पायाभोवती संरक्षक कडे उभारले पाहिजे.