मदत हवी आहे: बाबांचे जुने शेअर्स आणि विखुरलेली खाती

नमस्कार मंडळी, आम्ही भांडुपचे. बाबा निवृत्त झाले आणि कागदपत्रांची अख्खी पिशवी माझ्या हवाली केली. पाच बँकांची पासबुकं, त्यातली दोन खाती व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय. एका सहकारी बँकेत ८ लाखांची एफडी. बँक बुडाली तर मिळणारा ठेवविमा व्याज धरून ५ लाखांपर्यंतच, म्हणून मुदत संपली की वेगवेगळ्या बँकांत विभागू म्हटलं, तर बाबा म्हणतात, "मॅनेजर ओळखीचा आहे." आता बोला!

खरं घोडं अडलंय शेअर्सपाशी. १९९४ सालची कागदी सर्टिफिकेटं, त्यावर आडनावाचं स्पेलिंग पॅनपेक्षा वेगळं, आणि हात थरथरतो म्हणून सहीही जुळत नाही. डीमॅट (म्हणजे कागदी शेअर्स इलेक्ट्रॉनिक स्वरूपात) केल्याशिवाय विकता येणार नाहीत, एवढं कळलंय. नावातल्या फरकाला प्रतिज्ञापत्र पुरतं की गॅझेटमध्ये (सरकारी राजपत्रात) नोंद लागते? आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (शेअरधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) केवायसी की आधी डीमॅट खातं? हल्लीच कुणी केलं असेल तर क्रम सांगा.

शिवाय मुलुंड-ठाण्याकडे सेबी-नोंदणीकृत, फक्त फी घेणारा सल्लागार कुणाच्या माहितीत आहे का? कमिशनवाले नकोत. युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) घेऊन येणारे एक काका घरातच आहेत.